नेपाळच्या डोंगरी गावात स्वास्थ्य चौकी बांधायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात आणि १२ मे रोजीच्या दुसऱ्या मोठ्या धक्क्यात गोरखा, धादिङ, नुवाकोट, रसुवा, सिंधुपाल्चोक, दोलखा या जिल्ह्यांत घरांबरोबर आरोग्य केंद्रंही कोसळली. तेव्हापासून दवाखाने उभारण्यासाठी परदेशी स्वयंसेवकांचा ओघ सुरू आहे आणि त्यात महाराष्ट्रातले विद्यार्थी, अभियंते, निवृत्त मंडळीही असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. स्वास्थ्य चौकी म्हणजे साधारण आपल्याकडच्या उपकेंद्राच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मधली पायरी.

मला बांधकामातलं काहीच येत नाही. माझा उपयोग होईल का?

होईल, पण तुम्हाला वाटतो तिथे नाही. विटा रचणं, सळई बांधणं, गिलावा करणं हे गावातला डकर्मी, म्हणजे तिथला गवंडी, तुमच्यापेक्षा कितीतरी वेगानं आणि नीट करतो. नवख्या माणसानं रचलेली भिंत ओळंब्याला लावली की बाहेर झुकलेली निघते आणि दुसऱ्या दिवशी तीच भिंत उतरवून पुन्हा रचण्यात मिस्त्रीची मजुरी जाते. शिवाय तुम्ही फुकट राबलात तर गावातल्या कुणाची तरी रोजी बुडते.

तुमच्या हातात खरोखर बसतील अशी कामं वेगळी आहेत: आलेल्या मालाची मोजणी आणि नोंद, वाळू-खडी चाळणं, काँक्रीटच्या दिवशी फर्मा (वाळू-खडी मापायची लाकडी पेटी) मोजणं, सात दिवस न चुकता पाणी मारणं, प्रत्येक टप्प्याचे मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवणं. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सोलर बसवणारे, बायोमेडिकल उपकरणं दुरुस्त करणारे असाल तर तुमची गरज गवंड्याइतकीच आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर असाल तर घरी बसून नकाशे तपासलेत तरी पुष्कळ झालं.

संस्था खरी आहे की नुसती सहल विकते आहे, हे कसं ओळखायचं?

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि पाच कागद मागा.

पहिला, जमिनीचा. नेपाळमध्ये मालकीच्या दाखल्याला लालपुर्जा म्हणतात. दवाखान्याची जागा पालिकेच्या किंवा सरकारच्या नावावर हवी. ‘गावातल्या एका दात्यानं तोंडी दिली आहे’ हे उत्तर आलं तर थांबा. दात्याच्या पश्चात वारस उभे राहतात आणि इमारतीला कुलूप लागतं.

दुसरा, पालिकेचं पत्र. २०१७ च्या स्थानिक निवडणुकांनंतर देशात ७५३ स्थानिक सरकारं आहेत आणि मूलभूत आरोग्यसेवा त्यांच्या अखत्यारीत आहे. वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयाची शिफारस आणि पालिकेची मंजुरी नसलेला दवाखाना सरकारी औषधसाठ्याच्या यादीत येतच नाही.

तिसरा, मंजूर पदांचा. तिथे त्याला दरबन्दी म्हणतात. हेल्थ असिस्टंट, अहेव (सहायक आरोग्य कर्मचारी) आणि अनमी (प्रसूती करणारी सहायक परिचारिका) यांची पदं मंजूर आहेत का? प्रसूती केंद्र चोवीस तास चालवायचं तर एकटी अनमी पुरत नाही. पदं नसतील तर तुम्ही बांधताय ते गोदाम.

चौथा, पालिकेच्या अभियंत्यानं मंजूर केलेले नकाशे. पाचवा, परदेशी संस्था असेल तर समाज कल्याण परिषदेबरोबर झालेला करार.

एवढं झाल्यावर तुमच्या शुल्काचा हिशोब मागा: राहणं-जेवण किती, कार्यालयाला किती, बांधकामाला किती. आकडा द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

गावाचा सहभाग कसा असतो? की सगळं बाहेरचेच करतात?

नेपाळात छोटी सार्वजनिक कामं बऱ्याचदा उपभोक्ता समितीमार्फत होतात. लाभार्थी गावकऱ्यांतूनच ती निवडली जाते आणि तिच्यात किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. गावाचा वाटा पुष्कळदा श्रमदानातून भरला जातो: घरटी एक माणूस, ठरलेले दिवस, डोक्याला नाम्लो (ओझ्याचा पट्टा) आणि पाठीवर डोको (वेताची टोपली). तुमचे श्रम त्या हिशोबात मोजले जाणार का, हे आधीच समितीला विचारा. गावाच्या वाट्याचं काम पाहुण्यांनी करून टाकलं तर पुढे नळ गळला तरी ‘तो त्यांचा दवाखाना’ असं ऐकायला मिळतं.

कागदपत्रं कोणती? व्हिसा लागतो का?

भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र सोबत हवं. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशाचं आधार कार्ड विमानतळावर ग्राह्य धरत नाहीत. यावर दरवर्षी लोक अडकतात.

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींचं मात्र वेगळं आहे. ओसीआय कार्ड नेपाळात कामाचं नाही. पर्यटन व्हिसावर विनामोबदला कामही चालत नाही. योग्य व्हिसा यजमान संस्थेनं काढून द्यायचा असतो. ‘विमानतळावर टुरिस्ट सांगा, पुढचं बघू’ असं कुणी म्हणालं तर ती संस्था सोडा.

कधी जावं?

तिहार (तिथली दिवाळी) संपल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. जून ते सप्टेंबर पावसाळा: दरड कोसळून रस्ता बंद, ट्रक खाली अडकलेला, वाळू भिजलेली आणि पायाच्या खड्ड्यात पाणी. शिवाय असार (आषाढ) महिन्यात भातलावणी असते, एकही ज्यामी (मजूर) मिळत नाही. दशैंच्या (दसऱ्याच्या) पंधरवड्यात सगळे आपापल्या घरी जातात, तेव्हा कामाचं वेळापत्रक आखूच नका.

नेपाळचं आर्थिक वर्ष श्रावणाच्या १ तारखेला, जुलैच्या मध्याला सुरू होतं. त्यामुळे आधीच्या महिन्यात पालिकांची निधी खर्चून टाकायची घाई उडते. तिकडचे लोक त्याला चेष्टेनं ‘असारे विकास’ म्हणतात. भर पावसात ओतलेला स्लॅब हे त्याचं फळ. तुमचा प्रकल्प त्या घाईत सापडू नये म्हणून पालिकेचा हप्ता कधी सुटणार हे डिसेंबरातच विचारून ठेवा.

उंचावर पौष-माघात रात्री पारा शून्याखाली जातो. तापमान ५ अंशांखाली असेल तर काँक्रीट ओतू नये. ओतलंच तर गोणपाट आणि पेंढ्यानं झाकावं लागतं.

भूकंपात टिकणारी इमारत म्हणजे नेमकं काय बघायचं?

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे जे झालं, तेच २०१५ मध्ये गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकच्या आसपास झालं. मातीत रचलेली जाड दगडी भिंत दिसायला भक्कम असते, पण आतून ती दोन वेगळ्या भिंती असते: बाहेरचा दर्शनी थर, आतला थर आणि मध्ये भरलेली ढेकळं. हादरा बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा अंगणात पडतो आणि आतला खाटेवर.

म्हणून दगडी भिंत असेल तर आरपार दगड मोजा. भिंतीच्या दोन्ही तोंडांना पोचणारा एक लांब दगड दर ६०० मिमी उंचीवर आणि आडव्या दिशेनं दर १.२ मीटरवर हवा. एवढा लांब दगड मिळत नसेल तर त्याच मापाचा काँक्रीटचा ठोकळा आधी ओतून ठेवतात. त्यानंतर पट्टे. खिडकीखाली, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचा अखंड पट्टा इमारतीला वेढून गेला पाहिजे. दारापाशी ‘जागा मिळेना’ म्हणून माथ्यावरचा पट्टा तोडलेला दिसला तर तो नसल्यातच जमा.

कॉलम-बीमची इमारत असेल तर रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया, बघा. एवढ्या एका गोष्टीसाठी तुम्ही गेलात तरी खेप फुकट गेली नाही. रिंगेची दोन्ही टोकं १३५ अंशात वळून कॉलमच्या पोटात शिरलेली असावीत आणि आकड्याची लांबी ७५ मिमीच्या आसपास असावी. बहुतेक ठिकाणी बार-बेंडर ती ९० अंशात मोडून सोडतो, कारण तसं वळवणं सोपं असतं आणि रिंग सळयांवरून झटकन सरकते. भूकंपात सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर फुटतं, ९० अंशाचा आकडा उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला रिंगा १०० मिमीवर, मध्ये थोड्या लांब चालतात. कॉलम-बीमच्या जोडातही रिंगा हव्यात. तिथे हात पोचत नाही म्हणून त्या हटकून गाळतात.

सळया १२ मीटर लांबीच्या येतात. रस्ता संपला की त्या माणसाच्या खांद्यावरून जातात, म्हणून कापल्या जातात आणि जोड वाढतात. जोड कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीत घ्या आणि एकाच पातळीवर निम्म्यांहून जास्त सळयांचे जोड येऊ देऊ नका. जोत्याला लागून सगळे जोड हा नेहमीचा घोळ.

काँक्रीटच्या दिवशी मी काय करायचं?

फर्म्यापाशी उभं राहा. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीचं आकारमान सुमारे ३५ लिटर असतं. ४० × ३५ × २५ सेंमीचा लाकडी फर्मा नेमका तेवढ्याच मापाचा होतो. एम-२० (काँक्रीटच्या ताकदीची एक प्रत) साठी एक गोणी सिमेंट, दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. घमेल्यानं मोजू नका. एक माणूस शिगोशीग भरतो, दुसरा सपाट, आणि दुपारनंतर सगळेच सपाट भरतात.

पाणी गोणीमागे २५ ते २८ लिटर. मिश्रण पसरायला सोपं जावं म्हणून मिस्त्री आणखी एक बादली ओततो. ती ओतू देऊ नये, कारण वाळल्यावर त्या जादा पाण्याची छिद्रं होतात आणि ताकद घटते. ओलसर वाळू फुगलेली असते, आकारमान वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढतं. ते लक्षात न घेता मोजलं तर वाळू कमी पडते आणि काँक्रीट खडबडीत, मधमाश्यांच्या पोळ्यागत निघतं.

वाळू नदीची असेल तर आदल्या दिवशी बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुऊन घ्या.

पाणी मारणं किमान ७ दिवस, पोझोलाना सिमेंट (गोणीवर पीपीसी लिहिलेलं) असेल तर १०. डोंगरात पाणी लांबून आणावं लागतं म्हणून तिसऱ्या दिवशीच हे थांबतं. ओतायच्या आधी ड्रम भरून ठेवा आणि रोजची पाळी नावानिशी लावा. स्लॅबचे टेकू गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपर्यंत असेल तर ७ दिवस, बीमचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस ठेवायचे. पुढच्या साइटला फळ्या हव्यात म्हणून ठेकेदार आधीच काढू बघतो.

सिमेंट गोदामात फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब, दहा गोण्यांहून उंच थप्पी नको. तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी फरशीखाली वापरा, कॉलमला नको.

छत स्लॅबचं की पत्र्याचं?

गावाला वाटतं स्लॅबच हवा, कारण स्लॅब म्हणजे पक्कं. गाडीरस्ता पोचत नसेल तर हट्ट सोडायला सांगा. हिशोब असा: ६० चौरस मीटरचा १२५ मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे ७.५ घनमीटर काँक्रीट. त्याला साधारण ६० गोण्या सिमेंट, सव्वातीन घनमीटर वाळू, सव्वासहा घनमीटर खडी. वजन सतरा टनांच्या घरात, पाणी आणि सळई वेगळी. एका खेपेला ४५ किलो धरलं तर पावणेचारशेच्या वर खेपा. आणि एवढा भार भूकंपात डोक्यावर. त्याच मापाचं पत्र्याचं छत, कैच्या (पत्रा पेलणारे त्रिकोणी सांगाडे) धरून, एक-सव्वा टनात बसतं.

पत्र्याखाली थेट खोली मात्र ठेवू नका. पहाटे पत्र्याच्या आतून दव ठिबकतं, पावसात समोरच्या माणसाचं ऐकू येत नाही आणि हिवाळ्यात प्रसूतीच्या खोलीत श्वासाची वाफ दिसते. नवजात बाळासाठी ती खोली २५ अंशांवर हवी. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, त्याखाली प्लायचं सीलिंग, दाराला पडदा आणि खिडकीच्या फटी बंद. या खर्चाला अंदाजपत्रकात बहुधा जागाच नसते.

दवाखान्याची इमारत शाळेच्या इमारतीपेक्षा वेगळी कशात?

आरोग्य मंत्रालयाचे प्रमाण नकाशे आहेत, ते घ्या. तरी जागेवर हमखास चुकणाऱ्या गोष्टी अशा.

स्ट्रेचर जाण्यासाठी दार १.२ मीटर रुंद हवं. उतार १ ला १२, म्हणजे जोतं ६० सेंमी असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब. पुष्कळ ठिकाणी अडीच मीटरची घसरगुंडी करून ठेवलेली असते. प्रसूतीच्या खोलीत वाहतं पाणी आणि कोपरानं उघडता येणारा नळ, लागूनच शौचालय. भिंतीला टाइल्स १.५ मीटरपर्यंत.

वारेचा, म्हणजे प्रसूतीनंतर पडणारी वार टाकायचा, खड्डा बऱ्याचदा नकाशातच नसतो. तो झाकणाचा, वायुनळी असलेला, पाण्याच्या स्रोतापासून ५० मीटर लांब आणि त्याचा तळ भूजलाच्या किमान दीड ते दोन मीटर वर हवा. जागा गावातल्या बायकांना आणि महिला स्वास्थ्य स्वयंसेविकांना विचारून ठरवा. पाणवठ्याच्या वाटेवर केलात तर कुणी वापरणार नाही.

ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेच्या दाबानं उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, एक मुद्दा अभियंतेही विसरतात. समुद्रसपाटीला १५ पौंड दाबावर आत १२१ अंश मिळतात. २,००० मीटरवर हवेचाच दाब कमी असल्यानं काटा १५ दाखवत असताना आत सुमारे ११७ अंशच असतात. दर ३०० मीटरला अर्धा पौंड वाढवावा लागतो, म्हणजे तिथे १८ च्या पुढे. यंत्र तेवढा दाब झेलतं का, हे खरेदीआधी तपासा आणि तापमानपट्टी प्रत्येक फेरीत ठेवा.

आणि कर्मचाऱ्यांच्या दोन खोल्या. निधी कमी पडला की आधी याच कापतात. मग अनमी दीड तास चालून खालच्या गावी राहायला जाते आणि रात्री प्रसूती घरीच होते. बैठकीचा हॉल कापा, या खोल्या कापू नका.

मी डॉक्टर किंवा नर्स आहे. तिथे रुग्ण तपासू शकते का?

नेपाळ मेडिकल काउन्सिलची तात्पुरती नोंदणी असल्याशिवाय डॉक्टरनं तपासायचं नाही. नर्सिंगची परिषद वेगळी आहे. विद्यार्थ्यांनी टाके घालणं, इंजेक्शन देणं हे ‘अनुभव’ म्हणून विकलं जातं. आपल्या गावात जे करू देणार नाहीत ते तिथेही करायचं नाही. खोल्यांची मांडणी, निर्जंतुकीकरणाचा क्रम, कचऱ्याचं वर्गीकरण यावर सल्ला द्या.

जुनी उपकरणं घेऊन जाऊ का?

पालिकेनं लेखी मागितली तरच. सुटे भाग आणि वीज दोन्ही नसलेल्या उपकरणांनी कोठीच्या खोल्या भरलेल्या असतात. लसींचा फ्रिज तर जिल्हा आरोग्य कार्यालयाला विचारल्याशिवाय कधीच नको. २ ते ८ अंशांची साखळी ते चालवतात, आणि घरगुती फ्रिजमध्ये लस गोठून वाया जाते.

पैशांचं काय?

१०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शंभराच्या नोटा सोबत ठेवा, मोठ्या नोटांवर नेपाळात पूर्वीपासून निर्बंध आहेत. मार्च २०२४ पासून तिथल्या फोनपे (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआर कोडवर भारतीय यूपीआय चालतं, पण ते शहरात. गावात रोखच.

परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०-जीची सवलत मिळत नाही. आणि एक सरळ गणित करून बघा: तुमचं तिकीट, विमा आणि शुल्क यात गावातल्या डकर्मीचे किती दिवस निघतात? बांधकामाचं कौशल्य नसेल आणि मुक्काम दोनच आठवड्यांचा असेल तर पैसे पाठवणं बहुतेक वेळा सरस ठरतं.

पोचायचं कसं, राहायचं कुठे?

मुंबईहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, सीमा चालत ओलांडून भैरहवा आणि पुढे बस किंवा जीप. नाहीतर विमानानं काठमांडू. शेवटचा टप्पा पायीच असू शकतो.

मुक्काम बहुधा कुणाच्या तरी घरी. सकाळी नुसता चहा, मग नऊ-दहाला पोटभर डाळभात, दुपारी खाजा (हलका फराळ), संध्याकाळी पुन्हा डाळभात. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. मिस्त्रीला दाइ, घरच्या बाईला दिदी म्हणा. शनिवारी सुट्टी, रविवारी काम. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

तब्येतीची काय तयारी?

धनुर्वात, टायफॉइड, हिपॅटायटिस-ए च्या लसी जायच्या महिनाभर आधी. कुत्री सगळीकडे आहेत आणि रेबीजची लस गावात मिळेलच असं नाही, तेव्हा आधीच घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. बहुतेक गावं १,००० ते २,००० मीटरवर आहेत, तिथे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. २,५०० च्या वर जात असाल तर एक दिवस विश्रांती धरा.

विम्यात दोन ओळी शोधा: बांधकामाच्या जागी झालेली इजा आणि हेलिकॉप्टरनं सुटका. पहिली बऱ्याच पर्यटन पॉलिसींत वगळलेली असते. बूट पोलादी टाचेचे नव्हे, पोलादी नाकाचे घ्या, आणि हेल्मेट स्वतःचं न्या. साइटवरची दोन असतात, तीही पाहुण्यांसाठी ठेवलेली.

फोटो काढले तर चालतील का?

कामाचे हवे तितके काढा. रुग्णांचे, बाळंतिणींचे, मुलांचे नाही.

परत येताना काय द्यायचं?

एक जाड प्लास्टिकची फाईल, दोन प्रतींत: एक दवाखान्यात, एक वडा कार्यालयात. तिच्यात प्रत्यक्ष बांधलं तसे नकाशे, जमिनीखालच्या पाइप आणि वायरींच्या जागा मोजमापासकट, स्लॅब किंवा भिंतीत झाकल्या गेलेल्या सळयांचे फोटो, वॉल्व आणि एमसीबीची यादी, टाकी दर किती महिन्यांनी धुवायची, सोलर बॅटरी कोणत्या वर्षी बदलावी लागेल आणि तो खर्च पालिकेच्या कोणत्या शीर्षकाखाली धरला आहे. सगळं नेपाळीत. मराठीत लिहिलंत तर लिपी वाचता येईल, पण वॉल्व कुठला बंद करायचा ते कळणार नाही. फाईल अनमी, चौकीप्रमुख आणि समितीचा एक जण यांच्यासमोर उघडून प्रत्येक वॉल्व एकदा त्यांच्याच हातानं बंद-चालू करून घ्या.